कराचीसमोरचा किनारा : द्वारका, ओखा, पोरबंदर, दीव

४ डिसेंबरला द्वारकेत आणि ९ डिसेंबरला दीवमध्ये पोचायचं, एवढं एकच बंधन पाळून हा प्रवास आखला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली. मधल्या पाच दिवसांचं युद्ध ज्या समुद्रात झालं, त्याचा किनारा तारखांच्या बरोबरीनं पाहायचा होता. सोबत माझे काका, काकू आणि बारावीतली भाची. काका १९७४ मध्ये नौदलात भरती झाले. म्हणजे युद्ध त्यांच्या वाट्याला आलं नाही, पण कराचीवर गेलेल्या नौकांच्याच जातीच्या नौकेवर त्यांनी इंजिनरूममध्ये नोकरी केली.

२ डिसेंबर, नागपूर

नागपूरकराला फौज घरची. कामठीला गार्ड्सचं केंद्र, वायुसेनानगरात वायुदलाचं मेंटेनन्स कमांड. नौदल मात्र आमच्याकडे अंबाझरी तलावात नेव्हल एनसीसीच्या बोटी दिसतात तेवढंच. भाची त्याच एनसीसीत आहे, त्यामुळे तिच्या प्रश्नांची वही निघण्याआधीच भरलेली होती.

नागपूरवरून ओखा गाठणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या आठवड्याच्या. तारीख जुळत असेल तर त्याच घ्या. नसेल तर अहमदाबादला उतरून पुढची गाडी धरा. काकूंनी संत्र्यांची पेटी घेतली होती. आंबिया बहाराचा माल आला होता आणि पाहुण्यांच्या गावी रिकाम्या हातानं जायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या संत्र्यांनी पुढे किती दारं उघडली, ते येईलच.

भुसावळ मागे पडल्यावर काकांनी सुरुवात केली. "पाहा पोरी, या बोटी कराचीवर जायला बनल्याच नव्हत्या." रशियाकडून आठ ओसा नौका घेतल्या गेल्या. विनाश, विद्युत, विजेता, वीर, नाशक, निपात, निर्भीक आणि निर्घात. लांबी जेमतेम चाळीस मीटर, वजन दोनशे टनांच्या आसपास, प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं. काम एकच, आपल्या बंदराचं रक्षण. शत्रूचं जहाज जवळ आलं की बाहेर पडायचं, मारायचं, परत यायचं. म्हणून टाकी लहान. मुंबईत त्या उचलण्याइतकी मोठी क्रेन नव्हती, त्यामुळे जहाजावरून त्या कलकत्त्याला उतरवल्या गेल्या आणि तिथून दोर लावून ओढत मुंबईला आणल्या. "ओढून एवढं आणता येते, तर ओढून तिकडेही नेता येते," काका म्हणाले. युद्धाआधी नौदलानं ओढून नेण्याच्या चाचण्या करून पाहिल्या होत्या.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. शौर्य होतंच, पण त्याच्या आधी कोणीतरी कागदावर अंतर, तेल आणि तास यांची वजाबाकी केली होती. बंदर राखायला घेतलेली नौका शत्रूच्या बंदरावर न्यायची, हा हिशेब धाडसाचा होता.

४ डिसेंबर, द्वारका

पहाटे उतरलो तेव्हा वारा असा होता की काकूंची शाल दोनदा उडाली. नागपूरची डिसेंबरातली थंडी कोरडी, हाडात शिरणारी. इथली ओलसर, ओठांवर मीठ ठेवून जाणारी.

जगतमंदिराचं दर्शन सकाळी लवकर घ्या. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, जमा करण्याची रांग दर्शनाच्या रांगेएवढीच असते, म्हणून फोन खोलीवरच ठेवलेला बरा. शिखरावरची बावन्न गजाची ध्वजा दिवसातून अनेकदा बदलतात. ध्वजा बदलणारा माणूस कळसाकडे चढू लागला की खालचं सगळं आवार मान वर करून थांबतं. आम्हीही थांबलो.

द्वारकेला मी आले होते ती १९६५ साठी. त्या वर्षी ७ सप्टेंबरच्या मध्यरात्री पाकिस्तानची सात जहाजं या किनाऱ्यासमोर आली आणि त्यांनी गावावर तोफा डागल्या. प्रत्येकी पन्नासच्या आसपास, एकूण साडेतीनशेच्या घरात गोळे. इथलं रडार नष्ट करायचं, आणि आपली जहाजं मुंबईबाहेर येतील तेव्हा तिथं दबा धरून बसलेल्या गाझी पाणबुडीनं त्यांना गाठायचं, असा त्यांचा बेत होता. बेत फसला. बहुतेक गोळे देऊळ आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधल्या मऊ जमिनीत पडले, कित्येक फुटलेच नाहीत. रेल्वेच्या विश्रामगृहाचं नुकसान झालं. देवळाला ओरखडा नाही.

गोमती घाटाजवळ पूजेचं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बांना काकूंनी दोन संत्री दिली आणि गप्पा सुरू झाल्या. काकूंना गुजराती येत नाही, बांना मराठी येत नाही, तरी अर्धा तास अडलं नाही. त्या रात्री बा लहान होत्या. आईनं सगळ्यांना खाटेखाली ढकललं, एवढं त्यांना आठवतं. सकाळी सगळी पोरं गोळे पाहायला चिखलात धावली आणि पोलिसांनी हाकलून लावली. "द्वारकाधीशनं झेलले," त्या म्हणाल्या आणि देवळाकडे हात जोडले. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाकडून हेच ऐकलं.

त्या सात जहाजांत खैबर नावाची विनाशिका होती आणि शाहजहान नावाचीही. ही दोन नावं लक्षात ठेवा.

दुपारी काठियावाडी ताट घेतलं. बाजरीचा रोटला, शेव-टामेटा, लसणिया बटाटा, रिंगणाचा ओळो, गूळ, लोणी आणि ग्लास रिकामा होताच भरणारं ताक. सावजीवर वाढलेल्या माणसालाही लसणिया बटाटा तिखट वाटावा, असा होता. काकांनी पिशवीतून ठेचा काढलाच नाही, यावरून ओळखा.

रात्री साडेदहाला आम्ही दीपगृहाच्या बाजूच्या किनाऱ्यावर गेलो. तिथून कराची साधारण साडेतीनशे किलोमीटर. दिसण्यासारखं काही नव्हतं. दूरवर मासेमारी होड्यांचे दिवे आणि डोक्यावर फिरणारा दीपगृहाचा झोत. तिथं वाळूत बसून काकांनी ती रात्र सांगितली.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर बाँब टाकले आणि युद्ध पेटलं. ४ तारखेच्या दिवसभर निपात, निर्घात आणि वीर कराचीच्या दक्षिणेला अडीचशे सागरी मैलांच्या आसपास थांबल्या होत्या. सोबत किल्तान आणि कच्छल या दोन मोठ्या नौका, कारण त्यांचं रडार लांबचं पाहू शकत होतं, आणि मागे तेलाचं जहाज. अंधार पडल्यावर पुढे सरकायचं, कारण समुद्रावर रात्री मारा करण्याची सोय पाकिस्तानी विमानांकडे नव्हती. स्क्वाड्रनचे प्रमुख कमांडर बब्रूभान यादव निपातवर होते. नौकांवरचे लोक रशियात शिकून आले होते, त्यामुळे रेडिओवर आपसात रशियन बोलले. ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून.

पावणेअकराच्या सुमारास निर्घातनं पहिलं क्षेपणास्त्र सोडलं. ते खैबरला लागलं.

"हीच खैबर," भाची एकदम म्हणाली. हो, तीच. आम्ही बसलो होतो त्याच किनाऱ्यावर सहा वर्षं आधी गोळे टाकून गेलेली. अंधारातून झेपावत येणारा तो उजेड खैबरवरच्या लोकांना विमान वाटला. विमानाचा हल्ला झाला, असाच संदेश त्यांनी पाठवला आणि त्यात जहाजाचं ठिकाणही चुकीचं गेलं. मदतीची जहाजं भलतीकडे शोधत राहिली. दुसऱ्या क्षेपणास्त्रानं खैबर बुडाली. तिच्यावरचे दोनशे बावीस खलाशी गेले.

काका इथं बराच वेळ थांबले. "इंजिनरूमवाले कधीच वर येऊ शकत नाही," ते म्हणाले. "आमचंही तसंच होतं, त्यांचंही तसंच." त्यांच्या नौकेत तीन इंजिनं होती, प्रत्येकाला बेचाळीस सिलिंडर. चालू झाली की शेजारच्याशी हातवाऱ्यांनीच बोलायचं. जहाजाबाहेर काय चाललंय ते इंजिनरूमला सर्वांत शेवटी कळतं. शत्रूच्या त्या दोनशे बावीस माणसांबद्दल काका ज्या आवाजात बोलले, त्या आवाजात मी त्यांना आपल्याच गेलेल्या सोबत्यांबद्दल बोलताना ऐकलं आहे.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. निपातनं व्हीनस चॅलेंजर हे दारूगोळा घेऊन येणारं मालवाहू जहाज उडवलं आणि शाहजहानला जबर जखमी केलं. म्हणजे द्वारकेवर आलेली दुसरी. वीरनं मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका बुडवली. मग निपात कराचीपासून चौदा सागरी मैलांपर्यंत गेली आणि तिनं कराची बंदरातल्या केमारीच्या तेलाच्या टाक्यांवर क्षेपणास्त्र सोडलं. आपला एकही माणूस दगावला नाही. म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन.

५ डिसेंबर, ओखा

ठरवलेली खासगी गाडी सकाळी आलीच नाही आणि तिच्या मालकानं फोन उचलला नाही. शेवटी बसनं गेलो. द्वारका ते ओखा अंतर तीस किलोमीटरच्या आसपास, बस भरपूर, तेव्हा आगाऊ गाडीच्या फंदात पडण्याची गरज नाही.

वाटेत मिठापूरचे मिठाचे ढीग लागतात. उन्हात डोळे दिपतात.

ओखा लहान आहे आणि बेट द्वारकेला जाणारे त्याच्याकडे पाहतही नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू झाल्यापासून तर होडीसाठीसुद्धा थांबावं लागत नाही. सेतू देखणा आहे, सव्वादोन किलोमीटरहून थोडा अधिक, आणि कडेच्या पादचारी मार्गावर गीतेचे श्लोक. चालत जा. वाऱ्यासाठी कानटोपी हवीच.

पण मला ओखा बंदर पाहायचं होतं. १९७१ मध्ये क्षेपणास्त्र नौकांचं पुढचं ठाणं हे होतं. कराचीवरच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी विमानांनी ओख्यावर बाँब टाकले. तेलसाठा आणि नौकांच्या धक्क्यावर अचूक मारा झाला, आग लागली. नौका मात्र धक्क्यावर नव्हत्या. असा हल्ला होणार हे ओळखून त्या आधीच पांगवल्या होत्या. बंदराचा बराच भाग आज नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही आणि फाटकाजवळ फोटोही काढू नका. रखवालदारानं आम्हाला सौजन्यानं पण स्पष्ट सांगितलं. काकांनी आपलं जुनं ओळखपत्र दाखवलं तेव्हा तो ताठ उभा राहिला, पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. आत मात्र सोडलं नाही. काकांना त्याचं हे वागणं फार आवडलं.

मच्छीमारांच्या धक्क्यावर जाळं शिवणारे दोघं भेटले. संत्री पुन्हा कामाला आली. त्यातल्या वयस्क माणसाच्या वडिलांनी युद्धाच्या दिवसांत आठवडाभर होडी काढली नव्हती. तेल जळाल्याचा वास कित्येक दिवस घरात होता, असं ते सांगायचे. जाळ्याच्या एका फाटलेल्या चौकडीत सुई कशी घालायची, गाठ कुठं फिरवायची, हे त्यानं भाचीला शिकवलं. तिनं मारलेली गाठ त्यानं ओढून पाहिली, मान हलवली आणि तशीच जाळ्यात राहू दिली.

६ आणि ७ डिसेंबर, पोरबंदर

किनाऱ्यालगतचा रस्ता उत्तम आहे. कीर्तिमंदिर पाहिलं, गांधीजींचा जन्म झाला ती लहानशी खोली पाहिली. खाजली विकत घ्या. खारी, कुरकुरीत, चहाबरोबर खायची आणि घरी पोचेपर्यंत टिकणारी.

पोरबंदरला येण्याचं माझं कारण वेगळं होतं. १९६५ च्या युद्धात आपल्या नौदलाला सरकारचा आदेश होता की पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जायचं नाही. द्वारका त्या रेषेच्या वर. गावावर गोळे पडत असताना तलवार ही आपली युद्धनौका दुरुस्तीसाठी ओख्यातच होती, आणि नौदलाला बाहेर पडून लढता आलं नाही. त्या पिढीच्या अधिकाऱ्यांच्या मनात ती सल राहिली. १९७१ मध्ये नौदलप्रमुख असलेले ॲडमिरल सरदारीलाल नंदा स्वतः कराचीत वाढलेले, ते बंदर त्यांना ठाऊक. युद्ध झालं तर कराचीवर हल्ला करण्याला राजकीय हरकत आहे का, हे त्यांनी इंदिरा गांधींना आधीच विचारून घेतलं. युद्ध झालंच तर मग ते युद्धच, असं त्यांचं उत्तर होतं. मुंबईत पश्चिम नौदल कमांडचे व्हाइस ॲडमिरल कोहली होते. पोरबंदरच्या चौपाटीवर उभं राहून भाचीनं उत्तरेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "म्हणजे एवढ्याच ओळीसाठी?" मला तिच्या प्रश्नात संताप ऐकू आला आणि तो मला पटला.

याच ६ तारखेला, १९७१ मध्ये, पाकिस्तानी विमानांनी स्वतःच्याच नौदलाच्या जुल्फिकार या फ्रिगेटवर हल्ला केला. ती त्यांना भारतीय क्षेपणास्त्र नौका वाटली. कराचीत भीती किती खोल गेली होती, ते यावरून कळतं.

८ डिसेंबर, सोमनाथ

सोमनाथवर इतकं लिहिलं गेलं आहे की मी थांबत नाही. संध्याकाळच्या आरतीला जा, आणि बाणस्तंभाजवळून समुद्र पाहा. वेरावळ मागे टाकताना गाडीच्या काचा वर करा. सुक्या मासळीचा वास अंगात बसतो.

८ डिसेंबरच्या रात्री कराचीवर दुसरा हल्ला झाला. समुद्र खवळलेला, म्हणून एकटी विनाश गेली, सोबत तलवार आणि त्रिशूल. १९६५ मध्ये ओख्यात अडकलेली ती तलवार, हे काकांनी दोनदा सांगितलं. विनाशनं चारही क्षेपणास्त्रं सोडली. केमारीच्या टाक्या पुन्हा पेटल्या, गल्फ स्टार हे जहाज बुडालं, हरमॅटन हे ब्रिटिश जहाज आणि पाकिस्तानी नौदलाचं ढाका हे तेलवाहू जहाज जखमी झालं. "चार सोडले की बोट रिकामी," काका म्हणाले. "मंग फक्त इंजिन. आमच्यावालं काम तिथून सुरू होते." केमारीची आग कित्येक दिवस धुमसत होती. त्यानंतर परदेशी जहाजं कराचीकडे फिरकायला धजेनात.

९ डिसेंबर, दीव

सोमनाथहून दीव नव्वद किलोमीटरच्या आत. पूल ओलांडला की हवा बदलते. पोर्तुगीज घरं, चर्चचे पांढरे मनोरे, होका माडांची फाटलेली झावळं. जेवणात आठवडाभरानं मासे मिळाले. तव्यावरचं पापलेट, बाहेरून कुरकुरीत, आत रसरशीत, वर लिंबू. किल्ल्यासाठी सकाळ राखून ठेवा, दुपारी दगड तापतात.

खुकरी स्मारक समुद्राकडे तोंड करून असलेल्या टेकडीवर आहे. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आणि समोर उघडं पाणी. तिथून चाळीस सागरी मैलांवर ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री नऊच्या आधी हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज गेलं. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी. सदुसष्ट जण वाचले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले.

खुकरी पाणबुडीच्या मागावर निघाली होती. कराचीवरच्या हल्ल्यांनी पाकिस्तानी जहाजं बंदरात कोंडली गेली, पण पाणबुड्या बाहेर होत्या. खुकरी त्या वेळी सोनारच्या, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रणेच्या, नव्या उपकरणाची चाचणी घेत होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. भाचीला हे पटेना. शत्रूची पाणबुडी जवळपास आहे हे माहीत असताना वेग कमी कशाला? काकांनी समजावलं की उपकरण चाललं असतं तर पाणबुडी लांबूनच सापडली असती, पाण्यात ऐकण्यासाठी आपला आवाज कमी लागतो, आणि हा डाव खेळल्याशिवाय ते सिद्धच झालं नसतं. ती म्हणाली, चाचणी युद्धात करायची नसते. काका म्हणाले, दुसरं युद्ध कोणी दिलं असतं? पायऱ्यांवर बसून दोघं तावातावानं बोलत होते आणि पहाटेच कोणीतरी वाहिलेली झेंडूची फुलं वाऱ्यानं पायाशी येत होती. मी भाचीच्या बाजूनं आहे. पण काकांच्या बाजूलाही अशी माणसं आहेत ज्यांना या निर्णयांतून जावं लागलं, आणि त्यांच्याविरुद्ध मला सहज बोलता येत नाही.

खुकरीचं नाव नौदलानं जपलं. १९८९ मध्ये याच नावाची क्षेपणास्त्र कॉर्व्हेट दाखल झाली, २०२१ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि पुढच्या महिन्यात दीवच्या स्वाधीन करण्यात आली.

कराचीवर तिसरा हल्लाही ठरला होता, तो खुकरी गेल्यावर रद्द झाला. बुडालेल्यांचा शोध आणि हंगोरचा पाठलाग यात पुढचे दिवस गेले. हंगोर सापडली नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. दिशा हीच ठेवा, आधी द्वारका, मग दीव. घटनाही त्याच क्रमानं लागतात आणि शेवटी दीवमध्ये विसावाही मिळतो. डिसेंबरात दीव आणि द्वारका दोन्हीकडे गर्दी असते, खोल्या महिनाभर आधी घ्या. स्मारकावर सकाळी आठच्या आत पोचा, नंतर सहलीच्या बस येतात. परतीला आम्ही वेरावळहून गाडी धरली. दीवहून वेरावळला येताना हाताशी तीन तास ठेवा, कारण उन्याजवळ रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर असतात. आणि संत्री न्या. तिकडे नागपूरचं म्हटलं की लोक दोन घटका थांबून बोलतात.